जिप्सीत १.६ इंजिन बसवलं आणि गाडी हीट मारतेय? कमी पैशात थंड ठेवायची पद्धत

इंजिन स्वॅप, म्हणजे गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याचं काम, करणाऱ्या नवीन पोरांचं सगळं बजेट इंजिन, माउंटिंग, वायरिंग यातच संपतं आणि कूलिंगचं काम "गाडी चालू तर होऊ दे" म्हणून मागं पडतं. मग गाडी चालू होते, दोन आठवडे सगळं मस्त, आणि एप्रिलच्या उन्हात सिग्नलला उभं राहिलं की टेम्परेचरचा काटा चढायला लागतो. मग जो भेटेल तो सांगतो मोठा रेडिएटर टाक. माझं म्हणणं असं की रेडिएटर हा सगळ्यात शेवटचा खर्च आहे, त्याच्या आधी करायची कामं बहुतेक स्वस्तातली आहेत, आणि ती न करता मोठा रेडिएटर टाकला तरी गाडी गरमच होते.

उदाहरण म्हणून जुन्या जिप्सीत जुन्या सेडान बलेनोचं १.६ हा स्वॅप घेतो, कारण जिप्सी किंगचं १.३ आणि हे १.६ दोन्ही सुझुकीच्या जी सिरीजच्या घरातलीच इंजिनं (पहिल्या ९७० सीसीवाल्या जिप्सीचं तेवढं वेगळ्या सिरीजचं), आणि बजेटवाल्यांचा आवडता प्रकार आहे. बाकी जीपमध्ये दुसरं डिझेल टाकणाऱ्यांनाही यातलं नव्वद टक्के तसंच लागू होतं.

आधी एक हिशोब डोक्यात घ्या. १९८५ ला आलेल्या पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचं इंजिन होतं, साधारण ४५ बीएचपी. १९९६ ची जिप्सी किंग १.३ ची, ६० च्या आसपास, नंतर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन) आल्यावर ८०. बलेनोचं १.६ नव्वदच्या पुढं. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग पाण्यात जातो, एवढाच अजून सायलेन्सरमधनं जातो आणि उरलेल्यातनं चाकं फिरतात. आता यावरून लोक म्हणतात पॉवर दुप्पट म्हणजे रेडिएटर दुप्पट. पण सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला त्या गाडीला आधी जेवढी पॉवर लागत होती तेवढीच आताही लागते ना? मग उष्णताही जवळपास तेवढीच. दुप्पट उष्णता तेव्हाच होते जेव्हा तुम्ही घाटात किंवा हायवेला पूर्ण पाय दाबून चालवता. म्हणून ट्रॅफिकमध्ये उभी असताना गाडी तापत असेल तर दोष इंजिन मोठं असल्याचा नाही, तिथं हवा नाहीतर पाणी नीट फिरत नाहीये.

सुरुवात मीटरपासून

आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. डोनर इंजिनवर, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढून आणलेल्या इंजिनवर, सहसा दोन सेन्सर असतात, दोन वायरचा ईसीएमसाठी (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एक वायरचा मीटरसाठी. बलेनोचा एक वायरवाला सेन्सर जिप्सीच्या जुन्या मीटरला जोडला की रीडिंग भलतंच येऊ शकतं, कारण सेन्सर आणि मीटर ही जोडी असते. शक्य असेल तर जिप्सीच्या मीटरला जिप्सीचाच सेन्सर बसवा, चुडी म्हणजे आटे जुळत नसतील तर लेथवाला पितळेचा ॲडॉप्टर करून देतो. नाहीतर सरळ वेगळा टेम्परेचर मीटर लावा, आकडे दाखवणारा. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह, त्याच्या जवळ वाहत्या पाण्यात सेन्सर पाहिजे. आणि लक्षात ठेवा की पाणी संपलं तर सेन्सर वाफेत लटकतो आणि काटा खाली येतो, तेव्हा इंजिन जळत असताना मीटर मात्र सगळं बरं आहे म्हणून दाखवतो. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबायचं नाही, रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली लेव्हल रोज सकाळी बघायची.

मीटर बरोबर झाला की गाडी नेमकी कधी तापते ते एका वहीत लिहून काढा, अर्धं निदान तिथंच होतं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की उतरते, तर पंखा आणि हवा. ट्रॅफिकमध्ये ठीक, पण ऐंशीच्या वर सतत चालवली की चढत जाते, तर रेडिएटर चोंदलेला, खालचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) आत ओढला जातोय, किंवा हवा रेडिएटरच्या बाजूनं निसटतेय. थंड इंजिन चालू केल्यावर पाचदहा मिनिटांतच उकळते, तर आत हवा अडकलीय, थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय.

इंजिन बसवण्याआधीची कामं

हे ज्यांनी अजून इंजिन आत सोडलेलं नाही त्यांच्यासाठी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, पुण्याच्या नाना पेठेतून किंवा अजून कुठून इंजिन आणलं असेल तर ते किती दिवस कोरडं पडलं होतं कुणालाच माहीत नसतं. बाहेर असतानाच वॉटर पंप काढून त्याची आतली पाती बघा, गंजून छोटी झाली असतील तर पंप नवीन टाका, बसवल्यावर हेच काम चौपट त्रासाचं होतं. ब्लॉकच्या बाजूला जे गोल पत्र्याचे प्लग ठोकलेले असतात त्यांना स्क्रूड्रायव्हरनं हळू टोचून बघा, गंजलेले असतील तर सगळे बदला, फार महाग नसतात. ब्लॉकमध्ये पाइपनं पाणी सोडून लाल गाळ पूर्ण निघेपर्यंत धुवा, दोन्ही बाजूंनी. हेड उघडलंच असेल तर सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन त्याची खालची बाजू सपाट आहे का ते चेक करून घ्या. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरला हेड फेसिंग करून देणारे आहेत, प्रत्येक शहरात असतातच. आधी एकदा तापून वाकलेलं हेड तसंच बसवलं तर पुढचं सगळं वाया जातं.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

हे मी जोरात सांगतोय कारण निम्मे मिस्त्री पहिलं काम हेच करतात. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, ईसीएमला वाटतं अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त ओतत राहतो, ॲव्हरेज पडतं, स्पार्क प्लग काळे होतात. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोक बंद करतो तिथं तो काढला तर थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरत राहतं, म्हणजे गाडी अजून तापते. घरीच टेस्ट करा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. ८२ डिग्रीचा असेल तर त्याच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडला पाहिजे. त्याच्यावर एक बारीक हलणारी पिन असते, बसवताना ती वरच्या बाजूला ठेवा, तिच्यातनं हवा निघते.

झाकण

रेडिएटरचं झाकण म्हणजे दोनतीनशे रुपयांची वस्तू, पण तिच्यामुळे फरक मोठा पडतो. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० ला उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच. ०.९ बार दाबाचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलं की अजून वर. झाकणाचं रबर कडक झालंय, चिरलंय किंवा स्प्रिंग ढिली आहे तर हा सगळा फायदा गेला. स्वॅपमध्ये अजून एक भानगड होते, रेडिएटर एका गाडीचा आणि झाकण दुसऱ्या गाडीचं, फिरवल्यावर बसतं पण तोंडाची खोली वेगळी असल्यामुळे आतली स्प्रिंग दाबलीच जात नाही. त्यामुळे ज्या गाडीचा रेडिएटर, तिचंच झाकण घ्या. आणि दाब धरत नाही म्हणून जास्त दाबाचं झाकण लावायचं नाही, जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे सुटतील.

बाटलीचा पाइप बाटलीच्या तळापर्यंत, पाण्यात बुडलेला पाहिजे. गाडी थंड होताना रेडिएटर तिथनं पाणी परत ओढतो, पाइप वर असेल तर हवा ओढतो आणि रोज थोडी थोडी लेव्हल कमी होत जाते, मग लोक लीक शोधत बसतात.

होज आणि पाइपिंग

बलेनोत इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं म्हणजे गाडीच्या लांबीत, त्यामुळे पाण्याची तोंडं रेडिएटरच्या तोंडांसमोर येत नाहीत. ओढूनताणून होज वळवला की तो कोपऱ्यात चिमटतो. स्पेअर पार्टच्या दुकानात दुसऱ्या गाड्यांचे वाकडे होज समोर मांडून बघा, एक तार वाकवून हवा तो आकार घेऊन जा म्हणजे दुकानदारालाही शोधायला सोपं जातं, दोन होजांचे तुकडे आणि मध्ये स्टीलचा पाइप असं जोडता येतं. पाइपच्या टोकाला उंचवटा करून घ्या नाहीतर दाब आल्यावर होज निसटतो. व्यास मात्र कुठंही कमी करायचा नाही. आणि खालचा होज पंपाच्या ओढीनं चपटा होतो, विशेषतः जास्त आरपीएमला, म्हणून त्यात स्प्रिंग असलेलाच घ्या. बॉनेट उघडं ठेवून मित्राला थोडी रेस द्यायला सांगा आणि होजकडं बघा, लगेच कळतं. हे बघताना हात आणि शर्टची बाही पंख्यापासून लांब.

हीटर नको म्हणून लोक त्याचे दोन पाइप कापून बूच मारतात. बूच मारू नका, दोन्ही तोंडं एका होजनं एकमेकांना जोडा, काही इंजिनांत थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोचायला हाच रस्ता असतो. खरं म्हणजे हीटर ठेवलेलाच बरा, घाटात अडचण आली तर तो छोटा जादाचा रेडिएटर म्हणून कामाला येतो.

पंखा, श्राउड आणि हवेचा रस्ता

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा.

जुन्या जिप्सीला पट्ट्यावर फिरणारा पंखा होता, बलेनोला इलेक्ट्रिक. १.६ टाकल्यावर बहुतेक जण बलेनोचा किंवा एस्टीमचा भंगारातला इलेक्ट्रिक पंखा लावतात, आणि ते चांगलंच आहे, कारण ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू फिरत असलं तरी पंखा पूर्ण स्पीडनं फिरतो. पण पंखा त्याच्या मूळ प्लॅस्टिकच्या श्राउडसकट, म्हणजे पंख्याभोवतीच्या हवा ओढून घेणाऱ्या डब्यासकट, घ्या. नुसता पंखा रेडिएटरच्या जाळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधला तर तो फक्त आपल्यासमोरच्या गोल भागातनं हवा ओढतो, चारी कोपरे गरमच राहतात, शिवाय जाळी घासून लीक होते ते वेगळंच. श्राउड रेडिएटरच्या पूर्ण मापाचं नसेल तर पत्रेवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं डबं करून घ्या, रेडिएटरपासून दोनएक इंच अंतर, कडेला रबरी पट्टी, मध्ये पंख्याचं भोक, आणि पात्याच्या टोकापासून पत्र्यापर्यंत अर्ध्या इंचाच्या आत फट. ज्यांनी पट्ट्यावरचाच पंखा ठेवलाय त्यांनी पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर अशी ठेवायची, आणि इंजिन माउंटिंगवर हलतं म्हणून फट थोडी जास्त.

पंखा आतल्या बाजूनं ओढणारा पाहिजे. वायर उलट्या जोडल्या तर तो उलटा फिरतो आणि चालत्या गाडीत येणाऱ्या हवेलाच अडवतो. पंखा चालू असताना जाळीसमोर कागद धरा, चिकटून बसला पाहिजे.

वायरिंगमध्ये काटकसर नको. पंख्याचा करंट डॅशवरच्या स्विचमधून नेला तर स्विच वितळतो. चार पायांचा साधा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या, त्याच्या पायांवर आकडे असतात: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ वरून पंख्याला, ८६ ला चावी चालू केल्यावर येणारा करंट, आणि ८५ थर्मो स्विचमधून (पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की आपोआप चालू होणारा स्विच) अर्थला. फ्यूज बॅटरीच्या जवळ, पंख्याच्या गरजेप्रमाणे २० किंवा ३० चा. थर्मो स्विच ९२-९५ ला चालू होणारा असला की पुरे, आणि ८५ च्या पायालाच एक वेगळा हाताचा स्विच समांतर जोडून ठेवा म्हणजे थर्मो स्विच गेला तरी पंखा चालवता येतो. पंखा चालू होताना व्होल्टेज फार पडत असेल तर अर्थ साफ करा, बॉडीला रंगावर घट्ट केलेली अर्थ म्हणजे अर्थच नाही.

आता हवेचा रस्ता. हवा नेहमी सोपी वाट धरते, रेडिएटरच्या बाजूला, वर, खाली फट असेल तर ती जाळीतनं जाणारच नाही. रेडिएटर आणि पुढच्या पॅनेलमधली प्रत्येक फट फोमच्या पट्टीनं किंवा जुन्या ट्यूबच्या रबरानं बंद करा. जवळजवळ फुकटातलं काम आहे, आणि हायवेला तापणाऱ्या गाडीत पहिला फरक इथंच दिसतो. जाळीसमोर लावलेले मोठे दिवे, विंच, मोठी नंबर प्लेट, बंपरवरचा बोर्ड, यातलं जे निघेल ते काढा. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साठलेला कचरा पाण्यानं आतून बाहेर धुवून काढा, वाकलेल्या फिन बारीक स्क्रूड्रायव्हरनं सरळ करा.

हवा आत येते तशी बाहेरही गेली पाहिजे. इंजिनखाली सगळीकडून बंद पत्रा लावला असेल तर त्याला मागच्या बाजूला खिडक्या पाडा. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते उचलायची पद्धत आहे, ती हळू चालवताना थोडी उपयोगी, पण स्पीडला काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो आणि हवा उलटी आत शिरू शकते, त्यामुळे हायवेवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. त्यातला क्षार नळ्यांच्या आत बसतो आणि तो थर उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीसाठी मिळतं तेच. कूलंट जास्त घातलं की जास्त थंड हा गैरसमज आहे, उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी, कूलंट हे गंज थांबवायला आणि उकळण्याचं तापमान वाढवायला. आपल्या हवेत ३० ते ४० टक्के कूलंट आणि बाकी पाणी हे प्रमाण चांगलं. तयार मिक्स आणलं असेल तर त्यात वरून पाणी नको. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकात एक मिसळू नका, आधीचं पूर्ण धुवून काढा.

हळद, लीक बंद करायची पावडर, असलं काहीही आत टाकायचं नाही. लीक बंद होतं तशा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद होतात.

स्वॅपमध्ये इंजिन मूळच्यापेक्षा उंच बसतं आणि रेडिएटरचं तोंड इंजिनवरच्या पाण्याच्या रस्त्यापेक्षा खाली जातं, मग वर हवा अडकून राहते. पुढची चाकं चढावर किंवा विटा-फळ्यांवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, हीटर गरमवर करा, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, वरचा होज हातानं दाबत राहा. मग चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, लेव्हल एकदम खाली जाईल, परत भरा, बुडबुडे थांबले की झाकण. तरीही हवा राहत असेल तर वरच्या होजमध्ये सगळ्यात उंच जागी टी जोडून त्याला भरायचं तोंड करून घ्या. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा थंड इंजिन चालू करून मिनिटभरात होज दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस्केटमधून गॅस पाण्यात येतोय, तिथं थांबा आणि हेड उघडा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसणं हीसुद्धा तीच खूण.

आणि आता रेडिएटर

एवढं करूनही घाटात तापत असेल तर रेडिएटरकडं वळा. आधी जुनाच तपासा. गाडी गरम करून बंद करा, पंख्याची वायर काढा आणि जाळीवर पुढून हात किंवा टेम्परेचर गन फिरवा, जिथं थंड पट्टा लागेल तिथल्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाला वरची टाकी काढून नळ्यांत सळ्या घालून साफ करतो, किंवा त्याच टाक्यांना जास्त ओळींची नवी जाळी झाळून देतो, हे नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि माउंटिंग बदलावं लागत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमवाला असा दुरुस्त होत नाही, तो भंगारातनं घेताना टाकीला चीर नाही ना आणि आत पांढरा थर नाही ना ते बघा. दुसऱ्या गाडीचा घेताना जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ जास्त मिळतंय का ते पाहा, फार जाड जाळीतनं कमजोर पंख्याला हवा ओढता येत नाही. बसवताना खाली-वर रबर पाहिजे, जिप्सीची चॅसी खडकाळ रस्त्यावर पिळते आणि कडक बोल्ट केलेला रेडिएटर फुटतो.

इंजिन स्वतःच जास्त उष्णता करत असेल तेही बघून घ्या: स्पार्कचं टायमिंग मागं गेलेलं, इनटेकला कुठं हवा लीक, सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटेलिटिक कन्व्हर्टर चोंदलेला, ब्रेक चिकटलेले. हे रेडिएटरनं बरं होत नाही.

टेस्ट

पहिल्यांदा दुपारच्या उन्हात घरासमोर वीसेक मिनिटं चालू ठेवा, पंखा लागून बंद झाला पाहिजे आणि परत लागला पाहिजे. मग शहरातलं ट्रॅफिक. मग घाट, आणि घाट चढायच्या बाजूनं. आमच्याकडं वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येणं किंवा सावंतवाडीकडून आंबोली, मुंबईवाल्यांना कसारा, पुणेवाल्यांना माणगावकडून ताम्हिणी. चढताना काटा थोडा वर जाणं ठीक, वर पोचल्यावर लगेच उतरला पाहिजे. चढतच राहिला तर एसी बंद, एक गिअर खाली, इंजिन थोडं जास्त फिरू द्या म्हणजे पंपही जास्त फिरतो, हीटर फुल्ल. तरी थांबत नसेल तर बाजूला घेऊन बंद करा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफेनं चेहरा आणि हात भाजतात, अर्धा तास तरी जाऊ द्या. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं.

आरटीओचं काम राहिलं असेल तर लांबच्या प्रवासाआधी ते उरका. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला नेमकं तेच पकडतो.

गाडीत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक वरचा होज, चार क्लिपा, पट्टा, फ्यूज आणि एक जादाचा रिले ठेवा. पहिल्या दोनतीनशे किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा थंड इंजिनावर परत आवळा, नवीन रबर दबून बसतं आणि पहिलं गळणं तिथंच सुरू होतं.